तिकिटाचे दाते गेले, म्हणून किंमत गेली का?

जुना अल्बम हाती लागलेला माणूस तिकिटांचे फोटो पाठवतो, तेव्हा सोबत हमखास एक प्रश्न येतो: "या तिकिटाला एका बाजूला दातेच नाहीत. हे दुर्मीळ आहे की वाया गेलेलं?" विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा उत्तर ठरलेलं असतं. उत्साही माणसाला ती छपाईतली चूक वाटते आणि लाखाची स्वप्नं पडू लागतात. निराश माणूस तिकीट रद्दीत टाकायला निघालेला असतो. मी दोघांनाही आधी थांबवतो, कारण हा प्रश्न मुळात एक नाहीच. तो चार प्रश्नांचा गुंता आहे.

कडेला दाते कधी नव्हतेच, असं असू शकतं. होते पण तुटले, हे सर्वात जास्त आढळतं. असायला हवे होते पण यंत्र चुकलं, हे फार क्वचित. आणि कुणीतरी मुद्दाम कापले, किंवा नव्हते तिथे नव्याने पाडले, हे आपल्याला वाटतं त्याहून पुष्कळ जास्त. पहिल्या प्रकारात किंमत सहसा जात नाही, दुसऱ्यात घसरते, तिसऱ्यात वाढते आणि चौथ्यात फसतो तो आपण.

चारांपैकी कोणता प्रकार समोर आहे हे ओळखायला मी एकच युक्ती वापरतो. तिकीट एकटं जन्माला येत नाही. ते शीटवर, चार शेजाऱ्यांच्या मधोमध छापलं जातं. म्हणून संशयाच्या प्रत्येक कडेला विचारायचं: इथे शेजारी कोण होतं? दुसरं तिकीट, शीटची कोरी पट्टी, पुस्तिकेची शिवण, की कापणाऱ्या सुरीचं पातं? पुढच्या सगळ्या पायऱ्या याच प्रश्नाभोवती फिरतात.

पायरी १: हत्यारं जमवा, पण फार खर्च करू नका

चपट्या टोकाचा चिमटा, दहापट मोठं दाखवणारं भिंग, गडद काळा कागद, मिलिमीटरची चांगली पट्टी आणि पर्फोरेशन गेज. बस. बोटांनी तिकीट उचलू नका. बोटांचं तेल आणि घाम कागदात उतरतो, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तर मिंट, म्हणजे न वापरलेल्या, तिकिटाचा डिंक बोटालाच चिकटतो. काळा कागद सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी. पांढऱ्या टेबलावर ठेवलेल्या तिकिटाचा आखूड दाता दिसतच नाही, काळ्यावर तो पडलेल्या दातासारखा उघडा पडतो.

गेजबद्दल दोन शब्द जास्त. दोन सेंटिमीटर अंतरात किती छिद्रं बसतात ते हा गेज सांगतो. ही मोजणीची रीत पॅरिसच्या डॉ. लग्रां यांनी १८६६ मध्ये मांडली आणि ती आजही तशीच चालते. 'पर्फ १४' म्हणजे दोन सेंटिमीटरमध्ये चौदा छिद्रं. '१४ × १४½' असं लिहिलेलं असेल तर पहिला आकडा वरच्या-खालच्या आडव्या कडांचा, दुसरा उभ्या कडांचा. इंटरनेटवरून गेज उतरवून घरी छापणार असाल तर छापल्यावर त्यावरचे दोन सेंटिमीटर पट्टीने मोजून बघा. प्रिंटर 'पानात बसवा' म्हणून चित्र लहान करतो, आणि मग तुमची सगळी तिकिटं नवलाची निघतात.

पायरी २: दाता कसा तयार होतो ते डोळ्यासमोर आणा

१८४० मधली जगातली पहिली तिकिटं, पेनी ब्लॅक, कात्रीने कापावी लागत. हेन्री आर्चर नावाच्या आयरिश माणसाने १८४७-४८ च्या सुमारास शीटवर छिद्रं पाडणाऱ्या यंत्राच्या खटपटी सुरू केल्या. ब्रिटिश सरकारने त्याचा हक्क १८५३ मध्ये ४,००० पौंडांना विकत घेतला आणि १८५४ मध्ये पेनी रेड दातेरी होऊन बाजारात आली. सुरुवातीला पर्फ १६ होतं. छिद्रं इतकी दाट, की मधले कागदी पूल कमकुवत झाले आणि शीट हातातच सुटू लागली. १८५५ मध्ये ते १४ वर आणलं. भारतासाठी लंडनच्या डे ला रू कंपनीने छापलेली राणी व्हिक्टोरियाच्या चित्राची तिकिटं १८५५ पासून पर्फ १४ चीच आहेत.

आपल्या कामाचं ते मधले पूल. यंत्र दाते बनवत नाही, छिद्रं पाडतं. दोन छिद्रांमध्ये उरलेला कागदाचा पूल आपण हाताने फाडतो, तेव्हा त्याचा अर्धा भाग या तिकिटाकडे जातो आणि अर्धा शेजाऱ्याकडे. पूल मधोमध तुटला नाही तर एकाला लांब दाता मिळतो, दुसऱ्याला आखूड. फाटणं आणखी आत घुसलं तर दाता मुळापासून उपटला जातो, आणि कडेला छिद्रांच्या रेषेच्या आत खड्डा पडतो.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, फाडलेल्या खऱ्या दात्याचं टोक भिंगाखाली लोकरीसारखं, तंतूदार दिसतं. कापलेलं टोक सपाट दिसतं. दुसरी, आखूड दाता आणि उपटलेला दाता एक नव्हेत. विक्रेते दोन्हीला 'किरकोळ दोष' म्हणतात, पण पहिल्याचा भाव थोडा पडतो, दुसऱ्याचा बराच.

छिद्रं पाडण्याच्या पद्धतीही निदान दोन ओळखता याव्यात. रेषा पद्धतीत आधी सगळ्या आडव्या रांगा आणि मग सगळ्या उभ्या रांगा पाडतात. त्यामुळे कोपऱ्यावर दोन रेषा कशाही छेदतात, आणि कधी तिथे दीड छिद्र, कधी विद्रूप दाता दिसतो. कंगवा पद्धतीत यंत्र एका ठोक्यात एका रांगेच्या तीन बाजू पाडतं, म्हणून कोपऱ्यावर एकच नेटकं छिद्र येतं. रेषा पद्धतीच्या तिकिटाचा वाकडा कोपरा दोष समजून त्याचे पैसे कमी करणारे लोक मी पाहिलेत. तो दोष नसतो, जन्मखूण असते.

पायरी ३: दाते कधी नव्हतेच का, हे आधी तपासा

ही पायरी मी मुद्दाम लांबवणार आहे, कारण सर्वाधिक चुका इथेच होतात.

बिनछिद्री काळातल्या तिकिटांपासून सुरू करू. १८५२ ची सिंध डाक आणि १८५४ ची कोलकात्यात शिळाछापावर छापलेली अर्धा आणा, एक आणा, चार आणे ही सगळी तिकिटं बिनदात्यांची. आपल्या भोर संस्थानाने १८७९ मध्ये हाताने ठसे मारून काढलेली अर्धा आणा आणि एक आणा ही तिकिटंही तशीच. इथे 'दाते नाहीत' हा प्रश्नच चुकीचा. इथे बघायचा तो समास. चारही बाजूंना चित्राच्या बाहेर कोरा कागद उरलाय का? कात्री चित्रात घुसलीय का? चारही समास सुटसुटीत असलेला नग आणि एका बाजूला चित्र कापलेला नग यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

चार आण्यांचं दुरंगी तिकीट हे याचं ठळक उदाहरण. राणीच्या चेहऱ्याभोवती अष्टकोनी चौकट आहे, आणि तेव्हाच्या कारकुनांनी व टपाल धाडणाऱ्यांनी कित्येक नग त्या अष्टकोनाबरोबर कापले. दिसायला ते गोजिरवाणे दिसतात. पण स्टॅन्ली गिबन्स या ब्रिटिश कंपनीच्या कॅटलॉगातले, म्हणजे तिकिटांच्या भावांच्या यादीतले, भाव चौकोनी कापलेल्या नगांचे आहेत, आणि आकाराबरहुकूम कापलेल्यांना त्या भावाच्या ३ ते २० टक्के, अशी टीप तिथे असते. अपवाद विचाराल तर १८५६ चं ब्रिटिश गयानाचं एक सेंटचं मॅजेंटा तिकीट. त्याचे चारही कोपरे छाटलेले आहेत, आणि तरीही २०१४ मध्ये ते सुमारे ९५ लाख डॉलरला गेलं. पण ते जगात एकच आहे. तुमचं तिकीट जगात एकच आहे याची खात्री असल्याशिवाय हा दाखला विक्रेत्याला देऊ नका.

आता दातेरी काळातल्या सपाट कडा. तिकिटाच्या किती बाजू सपाट आहेत आणि त्या कुठे आहेत, यावरून बरंच कळतं.

समोरासमोरच्या दोन बाजू सपाट असतील (वर-खाली किंवा डावी-उजवी) तर ते बहुधा गुंडाळीचं, म्हणजे कॉइलचं तिकीट. नाणं टाकून तिकीट देणाऱ्या यंत्रांसाठी ही लांब पट्टी गुंडाळत. तिथे दोनच शेजारी होते, म्हणून दोनच बाजूंना दाते.

एक बाजू किंवा एकमेकींना लागून असलेल्या दोन बाजू सपाट असतील तर तिकिटांची पुस्तिका आठवा. पुस्तिकेचं पान छाटून शिवतात, म्हणून बाहेरच्या कडा सपाट राहतात. मध्य भारतातल्या बडवानी संस्थानाची तिकिटं अशी छोट्या पानांच्या पुस्तिकांत निघाली, त्यामुळे ती दोन-तीन बाजूंनाच दातेरी सापडतात. नवख्या माणसाला ती मोडकी वाटतात.

अमेरिकेची विसाव्या शतकाच्या सुरुवातीची तिकिटं थोडी वेगळी. तिथे ४०० तिकिटांची मोठी शीट छापून मधोमध आडवी-उभी कापत आणि शंभराचे चार तुकडे करत. प्रत्येक तुकड्याच्या दोन आतल्या कडा सुरीच्या, बाकी दोन कोऱ्या पट्टीला लागून दातेरी. म्हणजे शंभरातल्या १९ तिकिटांना निदान एक सपाट कड जन्मतःच. तिकीट अस्सल, पण अमेरिकी संग्राहकांनी या सपाट कडेला कायम नाक मुरडलं, आणि त्यामुळे पुढे एक मोठा उद्योग उभा राहिला. त्याची गोष्ट पाचव्या पायरीत.

काही ठिकाणी तर दाते मुद्दाम गाळलेत. नेदरलँड्सने १९२५ पासून काही तिकिटांवर मधली काही छिद्रं पाडलीच नाहीत, कारण यंत्रात ओढताना पट्टी तुटत होती. ब्रिटनच्या १९९३ नंतरच्या नेहमीच्या तिकिटांना उभ्या कडांवर एकेक मोठं लंबगोल छिद्र दिसतं. ते बनावटगिरी रोखण्यासाठी आहे, उंदराने कुरतडलेलं नाही. दक्षिण आफ्रिकेने दुसऱ्या महायुद्धात कागद वाचवायला चिमुकली तिकिटं काढली. दोन-तीन तिकिटांच्या गटाभोवती पूर्ण छिद्रं आणि आत नुसत्या चिरा. असा गट फोडला की उरतं ते विचित्र कडांचं एकटं तिकीट, आणि संग्राहकाला हवा असतो अख्खा गट.

आणि गोव्याच्या वाचकांसाठी खास. पोर्तुगीज अमदानीत १९११ च्या सुमारास काही तिकिटांच्या मधोमध उभी छिद्रांची रांग पाडून दोन्ही अर्ध्यांवर नवी किंमत छापली होती. आजोबांच्या पेटीत असं अर्धं तिकीट सापडलं तर ते तुटलेलं नाही, ते तसंच वापरायचं होतं. मात्र कॅटलॉगातले भाव दोन्ही अर्धी जोडलेल्या अख्ख्या नगाचे असतात, हे विसरू नका.

या पायरीचं काम तिकीट हातात घेऊन नाही, कॅटलॉग हातात घेऊन होतं. त्या तिकिटाच्या पुढे 'पुस्तिकेतून', 'कॉइल', 'बिनछिद्री' अशी नोंद आहे का, आणि तुमच्या सपाट कडा तिच्याशी जुळतात का? जुळल्या तर ते वेगळं, स्वतंत्र तिकीट आहे आणि त्याचा भाव त्या नोंदीचा. कधी तो नेहमीच्या तिकिटापेक्षा जास्त असतो, कधी कमी. नाही जुळल्या तर पुढे चला.

पायरी ४: तुटले असतील, तर किती आणि कुठे

तिकीट काळ्या कागदावर पालथं ठेवा. उलट्या बाजूने चित्र लक्ष विचलित करत नाही आणि कडेची रेषा स्वच्छ दिसते. मग एकेका बाजूने दाते मोजत जा आणि हे बघा:

- आखूड दाता शेजारच्या दात्यांच्या निम्म्याहून लहान आहे का, की जरासाच
- खड्डा छिद्रांच्या रेषेच्या आत गेलाय का, आणि गेला असेल तर चित्रापर्यंत पोचलाय का
- कोपऱ्याचा दाता शाबूत आहे का
- कागदात दात्याच्या मुळापासून आत गेलेली बारीक चीर आहे का

ही शेवटची गोष्ट लोक सोडून देतात. दाते सगळे जागेवर, पण एका छिद्रातून दोन मिलिमीटर आत गेलेली चीर असते. तिकीट उजेडापुढे धरून किंचित वाकवलं की ती दिसते. माझ्या मते चीर पडलेलं तिकीट आखूड दात्याच्या तिकिटापेक्षा वाईट, कारण आखूड दाता आहे तेवढाच राहतो, चीर पुढे वाढते.

कोपरा मधल्या दात्यापेक्षा महत्त्वाचा, कारण डोळा आधी कोपऱ्याकडे जातो. मधला एक दाता किंचित आखूड असेल तर अल्बममध्ये तो लक्षातही येत नाही. कोपरा गेला की तिकीट बोथट दिसतं.

आता भावाचं. कॅटलॉगातला भाव निर्दोष नगाचा असतो, आणि बाजारात निर्दोष नगही सहसा त्याहून कमीच मिळतो. त्यामुळे 'कॅटलॉगात २,००० आहे, माझा एक दाता गेलाय, म्हणजे १,८००' हे गणित चालत नाही. मी स्वतः विकत घेताना असं पाहतो:

स्वातंत्र्यानंतरची लाखांनी छापलेली नेहमीची तिकिटं असतील तर एक दाता गेला तरी मी घेत नाही. तसंच निर्दोष तिकीट शेजारच्या डब्यात दहा-वीस रुपयांना पडलेलं असतं, मग मोडकं कशाला?

मिंट आणि महाग असेल तर दात्याचा हिशेब कडक. १५ ऑगस्ट १९४८ ला निघालेल्या गांधीजींच्या चार तिकिटांतलं दहा रुपयांचं तिकीट घ्या. भारतीय संग्राहकाच्या यादीत ते वरच्या पायरीवर असतं, स्वित्झर्लंडच्या कुर्वाझिए मुद्रणालयाने छापलेलं, पर्फ ११½. छिद्रं विरळ म्हणजे दाते मोठे, आणि मोठा दाता तुटला की जखमही मोठी दिसते. याच्या मिंट नगात मी एका आखूड दात्यालाही चांगली घासाघीस करतो. उपटलेला दाता असेल तर तो नग वेगळ्या वर्गात गेला असं समजतो. बनावट नगही फिरतात, म्हणून गेज लावूनच बघा.

एकोणिसाव्या शतकातलं वापरलेलं, मुळात कमी सापडणारं तिकीट असेल तर मात्र मी मऊ होतो. दीडशे वर्षांपूर्वी एका घाईतल्या कारकुनाने ते शीटवरून फाडलं. एक-दोन आखूड दाते तिथे अपेक्षितच. अशा नगात मी आधी शिक्का कसा पडलाय, रंग उडालाय का, कागद पातळ झालाय का हे बघतो, दाते नंतर.

आणि तिकीट पाकिटावर चिकटलेलं असेल तर हात लावू नका! पाकिटावरच्या तिकिटाची एक कड कात्रीने कापलेली असली तरी शिक्का, तारीख आणि टपालाचा प्रवास यांना किंमत असते. दाते 'तपासायला' म्हणून पाकीट पाण्यात भिजवणारा माणूस हजाराची वस्तू पन्नासची करतो. मी शाळेत असताना हे केलंय, त्यामुळे मला बोलायचा अधिकार आहे.

पायरी ५: दाखवायचे दात वेगळे

सपाट कडेला लोक कमी पैसे देतात म्हटल्यावर कुणीतरी त्या कडेवर दाते पाडणारच. अमेरिकी तिकिटांत हे सर्रास झालं. ब्रिटनच्या व्हिक्टोरियाकालीन तिकिटांतही. तिथे शीटच्या पट्ट्यांमधली कोरी जागा मधून छिद्रून फाडली जाई, म्हणून काही तिकिटांना एका बाजूला रुंद 'पंख' राहत. पंख कुरूप म्हणून ते छाटायचे आणि नवे दाते पाडायचे, अशी एके काळी रीतच होती. आज तोच पंख असलेला अस्सल नग दुरुस्त केलेल्या नगापेक्षा चांगला मानला जातो.

नवे दाते कसे पकडायचे? भिंग घ्या आणि संशयित बाजूची तुलना त्याच तिकिटाच्या बाकी तीन बाजूंशी करा. पुस्तकातल्या चित्राशी नाही.

दात्यांची टोकं पहा. तीन बाजूंची टोकं तंतूदार आणि चौथीची सगळी एका पातळीत, सपाट, जणू पट्टी ठेवून कापलेली असतील तर ती बाजू आधी कापली आणि मग छिद्रली. छिद्राचा घेर आणि खोली पहा. घरगुती पंचाची छिद्रं थोडी मोठी किंवा थोडी उथळ येतात. गेज लावा. समोरच्या बाजूशी चौथाई छिद्राचा फरकही कंगवा पद्धतीच्या तिकिटात संशयास्पद. मग तिकिटाची रुंदी पट्टीने मोजा आणि त्याच प्रकारच्या साध्या नगाशी ताडून पहा, कारण कड छाटल्याशिवाय नवे दाते पाडायला जागा मिळत नाही, आणि छाटलं की तिकीट अरुंद होतं. शिक्का मारलेलं तिकीट असेल तर शाई छिद्राच्या कडेपर्यंत गेलीय तिथे बघा. जुन्या छिद्रात शाईचा थेंब कडेच्या तंतूंत थोडा मुरलेला दिसतो. नव्या छिद्राची कड शाईच्या मधूनच पांढरी, कोरी निघते.

एकच लक्षण सापडलं तर मी थांबतो, निवाडा करत नाही. दोन सापडली तर तिकीट परत करतो. चेहऱ्यावरून दात चांगले दिसतात म्हणून घेतलं, आणि घरी भिंगाखाली कवळी निघाली, असं माझंही झालंय.

उलटा डावही चालतो. महाग कॉइल बनवायला साध्या तिकिटाचे समोरासमोरचे दाते कापतात. अमेरिकेच्या १९०८ नंतरच्या वॉशिंग्टन-फ्रँकलिन मालिकेतल्या कॉइलची अशी बनावट इतकी झाली, की अनुभवी माणूस महाग नग एकटा घेतच नाही, जोडीच मागतो. एकट्या नगात हे बघा: सपाट कडेपासून सपाट कडेपर्यंतचं अंतर साध्या तिकिटाच्या दात्याच्या टोकापासून टोकापर्यंतच्या अंतराहून कमी आहे का? आणि दोन्ही कडा एकमेकींना समांतर आहेत का? कमी किंवा तिरप्या निघाल्या तर कात्रीची शंका घ्या.

पायरी ६: यंत्र चुकलं असेल तर

आता सगळ्यांना हवी असलेली गोष्ट. शीटवरून छिद्रांचा एक ठोका गाळला गेला, किंवा अख्खी शीट यंत्रातून गेलीच नाही, तर खरी त्रुटी तयार होते. दोन तिकिटांच्या मधली छिद्रं गायब, किंवा पूर्ण बिनछिद्री. अशा नगाला खरोखर जास्त किंमत मिळते. पण इथे एक नियम दगडावरची रेघ समजा: एकटं तिकीट पुरावा नाही, किमान जोडी हवी. मोठ्या समासाच्या साध्या तिकिटाचे चारही बाजूंचे दाते कापले की 'बिनछिद्री' तिकीट तयार होतं. दोन तिकिटं जोडलेली असतील तर मधल्या जागेत शेजारी कोण होतं हे डोळ्यांसमोर असतं, आणि तिथे कात्री चालवता येत नाही. 'मध्ये छिद्र नाही' ही त्रुटी तर जोडीशिवाय असूच शकत नाही.

जोडी मिळाली तरी घाई नको. मधली जागा भिंगाखाली तिरप्या उजेडात बघा. टॉर्च कागदाला जवळपास समांतर धरा, आणि पालथ्या बाजूनेही बघा. कधी यंत्राच्या सुया बोथट होतात किंवा एकावर एक शीटं जास्त होतात, आणि सुयांचे नुसते ठसे उमटतात, छिद्र आरपार होत नाही. यांना आंधळी छिद्रं म्हणतात. एकही ठसा दिसला, तर ती जोडी बिनछिद्री नाही. आंधळ्या छिद्रांचा नगही संग्राह्य असतो, पण त्याचा भाव खऱ्या त्रुटीच्या जवळपासही जात नाही.

माझ्या मामांच्या अल्बममध्ये अशीच एक जोडी होती. घरातल्या सगळ्यांनी ती वीस वर्षं 'त्रुटी' म्हणून जपली. मी टॉर्च मारली आणि डिंकाच्या बाजूला सुयांच्या ठशांची रांग दिसली. मामांना सांगायला मला आठवडा लागला.

आणखी एक सावधगिरी. बिनछिद्री म्हणजे चूकच असं नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेचे पोस्टमास्टर जनरल जेम्स फार्ली यांनी विक्रीला येण्याआधीच्या बिनछिद्री शीट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट आणि काही ओळखीच्यांना भेट दिल्या. संग्राहकांनी इतकी ओरड केली, की १९३५ मध्ये तशा शीट सगळ्यांसाठी छापून विकाव्या लागल्या. ती तिकिटं बिनछिद्रीच, पण मुबलक. छपाईआधीचे नमुने, प्रदर्शनासाठी काढलेल्या लघुपत्रिका (तिकिटांच्या छोट्या शीट) हेही असेच. म्हणून कॅटलॉग पुन्हा उघडा.

पायरी ७: निर्णय, आणि प्रमाणपत्राचा खर्च

इथवर आल्यावर तुमच्याकडे एका कडेबद्दल एक वाक्य असायला हवं. 'उजवी कड सपाट, पुस्तिकेतली, कॅटलॉगाशी जुळते.' किंवा 'वरच्या बाजूला डावीकडून चौथा दाता आखूड, चीर नाही.' हे वाक्य कागदाच्या चिठ्ठीवर लिहून तिकिटासोबत ठेवा. विकताना हेच वाक्य वर्णनात टाका, आणि दोन्ही बाजूंचे मोठे फोटो काळ्या कागदावर काढून जोडा. जाणकार गिऱ्हाईक दोष सांगणाऱ्याकडे परत येतं, लपवणाऱ्याकडे नाही.

तिकीट अस्सल असल्याचं तज्ज्ञांचं प्रमाणपत्र कधी घ्यावं? त्याचा खर्च, टपाल आणि वाट पाहणं धरून, तिकीट अस्सल निघालं तर मिळणारा भाव त्याच्या कितीतरी पट असेल तरच. १८९४ पासून तिकिटांवर मत देणारी लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीची तज्ज्ञ समिती आणि न्यूयॉर्कचं फिलाटेलिक फाउंडेशन यांची मतं जगभर मानली जातात. बिनछिद्री जोडी, महाग कॉइल, १८५४ चं चांगल्या समासाचं चार आणे, किंवा गांधीजींचं दहा रुपये मिंट असेल तर पाठवा. पाच रुपयांच्या तिकिटाचा एक दाता गेलाय, त्यासाठी नको.

आणि घरी मिंट शीट असेल, त्यातलं एक तिकीट काढून कुणाला द्यायचं असेल, तर सरळ फाडू नका. छिद्रांच्या रेषेवर आधी एका बाजूला घडी घाला, मग उलट्या बाजूला, असं दोन-तीनदा हलक्या हाताने करा. मग पूल मधोमध तुटतात, दोन्ही शेजाऱ्यांना सारखे दाते मिळतात. पावसाळी हवेत हे करू नका. डिंक ओलसर असतो, घडी चिकटते आणि दाता उपटला जातो. मी डिसेंबरची कोरडी दुपार निवडतो.